दोन लाव्हांच्या मधलं जंगल कसं वाचायचं: सोलापूरकडच्या अभ्यासकांसाठी

ज्वालामुखीनं गाडलेलं जंगल म्हटलं की राखेत उभ्या असलेल्या झाडांचं चित्र समोर येतं. दख्खनमध्ये शोध चुकतो तो याच चित्रामुळे. आपल्याकडचा लाव्हा बेसाल्टचा, बाहेर पडताना ११०० अंश सेल्सिअसपेक्षा जास्त तापलेला. त्याच्या वाटेत आलेलं झाड जळून जातं. फार तर खोडाच्या जागी नळीसारखी पोकळी उरते. लाकूड टिकलं ते दोन प्रवाहांमधल्या निवांत काळात. एक प्रवाह थंड झाला, त्याच्या पाठीवर माती धरली, खोलगट जागी तळी साचली, काठानं झाडं वाढली आणि त्यातली काही तळ्यात पडली. बेसाल्ट झिजताना सुटलेली सिलिका (गारगोटीचं द्रव्य) पाण्यातून त्या लाकडात शिरली. मग पुढचा प्रवाह आला आणि सगळ्यावर झाकण बसलं. ही घडामोड साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीची.

म्हणून पहिला नियम असा, की कातळाच्या पोटात शोधू नका, कातळाच्या सांध्यात शोधा. दुसरा नियम त्याहून महत्त्वाचा: थर आधी, जीवाश्म नंतर. कुठल्या थरातून आलं हे ठाऊक नसलेलं देखणं खोड पर्यावरणाविषयी जवळपास काहीच सांगत नाही. उलट जागच्या जागी मोजलेला, नोंदलेला, ओबडधोबड चर्टचा (सिलिकाच्या टणक दगडाचा) तुकडा तळ्याची खोली, पाण्याचा खारेपणा आणि काठावरची झाडी असं बरंच काही सांगतो.

सोलापुरात काय मिळेल

सोलापूर जिल्हा जवळजवळ सगळाच बेसाल्टवर बसलेला आहे, पण अश्मीभूत लाकडाचे सुपीक थर इथे नाहीत. तसे थर दख्खनच्या पूर्व आणि आग्नेय कडेला आहेत: मध्य प्रदेशात छिंदवाडा जिल्ह्यातलं मोहगाव कलां, विदर्भात नागपूरजवळचं टाकळी, वर्ध्याकडचं नवरगाव, आणि सोलापूरच्या आग्नेयेला कर्नाटकात गुरमिटकल. सोलापुरात भरपूर मिळतात ते प्रवाहांचे सांधे आणि त्यांतले लाल थर. हा तोटा मानू नका. थर वाचण्याचा हात इथल्या विहिरी, खाणी आणि रस्त्यांच्या कापांवर (म्हणजे थर उघडे पडलेल्या उभ्या भिंतींवर) बसवा आणि मग पूर्वेकडे जा. हा सराव न करता मोहगाव गाठणारा विद्यार्थी पिशवी भरून दगड आणतो आणि वहीत काहीच नसतं.

मध्य प्रदेशातल्या दिंडोरी जिल्ह्यातलं घुघुआ हे राष्ट्रीय जीवाश्म उद्यान आणि गडचिरोलीच्या सिरोंचा तालुक्यातलं वडधमचं जीवाश्म उद्यान या राखीव जागा आहेत. तिथून खडाही उचलायचा नाही. मोजमाप आणि छायाचित्रं यांवरच भागवायचं. वडधमचं लाकूड दख्खनच्या लाव्हापेक्षा बरंच जुनं, जुरासिक काळातलं आहे. त्याची आकडेवारी या कामात मिसळू नका.

खासगी शेतात किंवा खाणीत मालकाची परवानगी आधी घ्या. खाणीत सुरुंगाची वेळ विचारून मगच उतरा. वापरात नसलेल्या जुन्या विहिरीत उतरूच नका. तळाशी प्राणवायू कमी असू शकतो आणि ते वरून कळत नाही. कठड्यावरून दुर्बिणीनं आणि खाली सोडलेल्या टेपनं विहिरीचा काप चांगला नोंदवता येतो. काम ऑक्टोबर ते फेब्रुवारीत करा. पावसानं काप धुतलेले असतात आणि ऊनही सोसवतं.

प्रवाह ओळखणं

विहीर खोदणाऱ्या माणसांना हे आपल्याआधी माहीत असतं. घट्ट काळा पाषाण आणि ठिसूळ मांजऱ्या (बुडबुड्यांच्या पोकळ्यांचा दगड) यांचा क्रम त्यांना पाठ असतो. गावात अशी माणसं असतील तर आधी त्यांच्याशी बोला. "लाल माती किती परसावर लागली?" या एका प्रश्नाच्या उत्तरात अर्ध्या दिवसाचं काम होतं.

प्रवाहाचा तळ घट्ट आणि बारीक कणांचा असतो. त्यात कधी कधी उभ्या नळ्यांसारखी भोकं दिसतात. खालच्या ओलसर जमिनीतली वाफ वर जाताना ती झालेली असतात. मधला भाग भरीव, उभ्या भेगांचा. माथा बुडबुड्यांनी भरलेला, त्या पोकळ्यांत पांढरे झिओलाइट, कॅल्साइट किंवा गारगोटी ही खनिजं. माथ्याचा रंग बरेचदा लालसर. खालच्या प्रवाहाचा माथा आणि वरच्याचा तळ यांच्यामधली पट्टी हेच आपलं कामाचं क्षेत्र. ती दहा सेंटिमीटरचीही असते आणि काही मीटरचीही.

एक फसवणूक इथे नेहमी होते. एकाच प्रवाहाचे अनेक छोटे पदर एकमेकांवर चढलेले असतात आणि प्रत्येक पदराला बुडबुड्यांचा माथा असतो. दोन पदरांमध्ये माती, गाळ किंवा झीज झालेला पृष्ठभाग नसेल, तर तिथे मोठा काळ गेलेला नाही. अशा सांध्याला जंगलाचा थर म्हणू नका.

काप नोंदवणं

दीड मीटरची, दर दहा सेंटिमीटरला खुणा असलेली काठी, तीस मीटर टेप, दहापट भिंग, ड्रॉपरच्या बाटलीत सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल, छिन्नी, हातोडा, चष्मा आणि पाणी, एवढं पुरे. बाजारातलं साधारण ३० टक्क्यांचं आम्ल एक भाग आणि पाणी दोन भाग असं मिश्रण करा. आम्ल पाण्यात ओतायचं, पाणी आम्लात कधीच नाही.

नोंद खालून वर. थराची जाडी, कोरडा रंग, ओला रंग, कणांचा आकार, आम्लाला फसफसतो का, वरची आणि खालची सीमा धारदार आहे की हळूहळू बदलणारी, हे प्रत्येक थरासाठी लिहा. गडद करडा, टणक, शंखासारखा फुटणारा आणि न फसफसणारा दगड म्हणजे बहुधा चर्ट. फिकट आणि जोरात फसफसणारा तो चुनखडक. पातळ पापुद्रे सुटणारा तो शेल, म्हणजे शांत पाण्यातला गाळ.

बेसाल्टमध्ये मॅग्नेटाइट हे चुंबकी खनिज असतं, त्यामुळे होकायंत्र आणि मोबाइलमधला दिशादर्शक दोन्ही चुकतात. खडकाला टेकवून दिशा घेऊ नका. काही पावलं मागे या, खुंटीपर्यंत दोरी ताणा, दोरीच्या दोन्ही टोकांवरून वाचन घ्या. दोन वाचनांत १८० अंशांचा फरक आला नाही, तर जागा बदला.

झाड उभं होतं की वाहून आलं

सगळी पुनर्रचना या प्रश्नावर टेकलेली आहे. जागेवरची झाडं त्या ठिकाणची झाडी सांगतात. वाहून आलेली सगळ्या पाणलोटाची सरमिसळ सांगतात. उभा बुंधा दिसला म्हणून तो जागेवरचाच असं नसतं. १९८० मध्ये अमेरिकेतल्या माउंट सेंट हेलेन्सच्या उद्रेकानंतर स्पिरिट लेकमध्ये मुळांच्या जड बाजूनं खाली झुकलेले बुंधे उभेच तरंगत होते आणि तसेच तळाशी बसत होते. चिखलाच्या लोंढ्यांनीही बुंधे उभेच नेऊन ठेवले. यलोस्टोनच्या एकावर एक असलेल्या अश्मीभूत जंगलांवरचा जुना वाद याच मुद्द्याचा आहे.

म्हणून बुंध्यापेक्षा मुळं पाहा. बारीक मुळं फाटे फुटत खालच्या जुन्या मातीत शिरलेली असतील, थराच्या सीमा ओलांडत असतील, तर झाड जागेवरचं. मुळं आखूड तुटलेली, भोवतीचा गाळ त्यांना वळसा घालून बसलेला आणि खाली मातीचा थरच नाही, तर ते पाहुणं.

दहा मीटर बाय दहा मीटरचे चौकोन आखा. प्रत्येक खोडाची जागा, व्यास, लांबी, मुळांची स्थिती आणि आडवं असेल तर जाड टोकाची दिशा नोंदवा. आडव्या खोडांच्या दिशा वर्तुळाच्या आलेखावर मांडा. बहुतेक एकाच दिशेला असतील तर वाहत्या पाण्यानं लावलेली, विखुरलेल्या असतील तर तळ्याच्या शांत पाण्यात पडलेली असण्याचा संभव जास्त. जागेवरचे बुंधे एका चौकोनात सात मिळाले तर हेक्टरी ७०० हा अंदाज निघतो, पण निदान चार-पाच चौकोन मोजल्याशिवाय तो लिहू नका.

व्यासावरून उंची काढायला वनस्पतिशास्त्रज्ञ कार्ल निक्लस यांचं सूत्र वापरतात. मीटरमधल्या व्यासाचा दहाच्या पायावरचा लॉगॅरिदम घ्या, त्याची ०.३९ पट १.५९ मध्ये मिळवा आणि त्याच लॉगॅरिदमच्या वर्गाची ०.१८ पट वजा करा. येतो तो उंचीचा लॉगॅरिदम. अर्धा मीटर व्यासाला साधारण साडेअठ्ठावीस मीटर उंची येते. व्यास सालीजवळचा हवा. झिजलेल्या गाभ्याचा व्यास घातला तर झाड खुजं होतं. ताडवर्गाला हे सूत्र लावू नका, ती खोडं वयाबरोबर तशी जाड होतच नाहीत.

नमुना घेणं

लाकडाचा पाच ते आठ सेंटिमीटरचा तुकडा पुरतो. काढण्याआधी वरची बाजू आणि उत्तर दिशा बाणानं त्याच्यावरच रंगवा, मग छायाचित्र, मग छिन्नी. क्रमांक दगडावर आणि पिशवीतल्या चिठ्ठीवर, दोन्हीकडे.

परागकणांसाठी गाळ घेताना कापाचा बाहेरचा दहा-पंधरा सेंटिमीटर थर काढून टाका आणि आतला २०० ग्रॅम गाळ स्वच्छ हत्यारानं घ्या. हे सोलापूरकडे विशेष जपायला हवं. ज्वारी फुलोऱ्यात असताना तिचा पराग हवेत सगळीकडे असतो, वेड्या बाभळीचाही. रंगहीन, टवटवीत, आत जीवद्रव्य असलेले कण काचेवर दिसले, तर ते कालचे समजा. जुने कण पिवळट ते तपकिरी आणि बहुधा चपटलेले असतात.

लाकूड समजून गारगोटी उचलणं ही सर्वांत सामान्य चूक. पट्ट्यांचा अगेट लाकडासारखाच दिसतो. ताजा फुटलेला पृष्ठभाग ओला करून भिंगाखाली धरा. ओळीनं मांडलेली छिद्रं आणि त्यांना छेदणाऱ्या बारीक रेषा दिसल्या तर लाकूड. नुसते गुळगुळीत रंगांचे पट्टे दिसले तर दगड तिथेच ठेवा.

काप तयार करणं आणि वाचणं

लाकूड ओळखायला तीन छेद लागतात: आडवा, गाभ्याकडून सालीकडे जाणारा त्रिज्य, आणि त्याला काटकोनातला स्पर्शीय. आडव्या छेदात किरणांच्या (गाभ्याकडून सालीकडे जाणाऱ्या पेशींच्या पट्ट्यांच्या) रेषा पाहून बाकीचे दोन आखा; अंदाजानं कापलेला त्रिज्य छेद पाच-दहा अंशांनी तिरपा गेला तरी किरणांच्या पेशी वाचता येत नाहीत.

हिऱ्याच्या पात्याच्या करवतीनं दोन-तीन मिलिमीटरची चकती कापा. तिची एक बाजू सिलिकॉन कार्बाइडच्या २२०, ४००, ६०० आणि १००० नंबरच्या भुकटीनं काचेवर क्रमानं घासा. प्रत्येक नंबराला वेगळी काच, आणि मधे नमुना ब्रशनं धुणं सक्तीचं. २२० चा एक कण पुढे गेला तर हजारच्या पॉलिशवर ओरखडे उठतात. वाळवून इपॉक्सीनं काचपट्टीवर चिकटवा. चकती आणि काच किंचित गरम केली की बुडबुडे सुटतात. इपॉक्सी पूर्ण घट्ट झाल्यावर दुसरी बाजू ३० ते ५० मायक्रॉनपर्यंत उतरवा. ध्रुवीकृत प्रकाशात गारगोटी करडी-पांढरी दिसू लागली की ३० मायक्रॉन आले. पिवळी दिसत असेल तर काप अजून जाड आहे. खडकांचे काप करण्याच्या सवयीनं इथे आणखी घासू नका. पेशीभित्तींचा तपकिरी रंग सेंद्रिय अवशेषांचा असतो, काप फार पातळ झाला की तो पुसट होतो आणि चित्रच नाहीसं होतं.

जीवाश्म चुनखडीत असेल तर सोपा मार्ग आहे. पॉलिश केलेला पृष्ठभाग पाच टक्के हायड्रोक्लोरिक आम्लात काही सेकंद बुडवा, पाण्यात हलकेच धुवा, बोट न लावता वाळवा, ॲसिटोन ओतून त्यावर सेल्युलोज ॲसिटेटची फिल्म एका कडेकडून टेकवत न्या. अर्ध्या तासानं वाळलेली फिल्म उचला, पेशींचा ठसा तिच्यावर येतो. चर्टसाठी हाच प्रकार हायड्रोफ्लोरिक आम्लानं करतात. ते आम्ल कातडीतून आत शिरून जीव घेऊ शकतं. धूर ओढणारी कपाट-व्यवस्था, कॅल्शियम ग्लुकोनेटचं मलम आणि प्रशिक्षित माणूस या तिन्ही गोष्टी नसतील तर त्याला हात लावायचा नाही. पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठात भूविज्ञानाचं संकुल आहे; कापाच्या कामासाठी आधी तिथे विचारा.

वाचायला सुरुवात करण्याआधी तुलनेचा संच हवा. लाकडाच्या वखारीतून सागवान, कडुनिंब, बाभूळ यांचे तुकडे आणा, पाणी आणि ग्लिसरिनच्या मिश्रणात मऊ होईपर्यंत उकळा आणि धारदार ब्लेडनं पातळ काप घ्या. सागाच्या वर्षाच्या सुरुवातीच्या मोठ्या वाहिन्यांची (पाणी वर नेणाऱ्या नळ्यांची) रांग एकदा नीट पाहिली की ऋतूची खूण म्हणजे काय ते डोळ्यात बसतं.

आता जीवाश्माचा आडवा काप. वलयं आहेत का? रंगाचा पट्टा म्हणजे वलय नव्हे. सिलिकाही पट्ट्यापट्ट्यांनी साचते. पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना पेशींचा आकार बदलत असेल तरच ते वाढीचं वलय. वलयं स्पष्ट नसतील तर वर्षभर वाढ चालू होती, ऋतूंचा ताण कमी होता. वलयं असतील तर रुंदी मोजा. लागोपाठच्या दोन रुंदींमधला फरक त्यांच्या सरासरीनं भागायचा आणि अशा सगळ्या उत्तरांची सरासरी काढायची. ती ०.३ च्या वर गेली तर वर्षावर्षातला पाऊसमानाचा फरक झाडाला जाणवत होता.

पुढे वाहिन्या. निदान २५ वाहिन्यांचा स्पर्शीय व्यास मायक्रॉनमध्ये आणि पाच वेगवेगळ्या जागी दर चौरस मिलिमीटरमागची संख्या मोजा. सरासरी व्यासाला संख्येनं भागलं की वनस्पतिशास्त्रज्ञ शेरविन कार्लक्विस्ट यांचा निर्देशांक मिळतो. व्यास १२० आणि संख्या १२ असेल तर १०: पाण्याची ददात नसलेलं झाड. उत्तर १ च्या खाली आलं तर कोरड्या ताणाला सरावलेलं. मात्र वेलींच्या वाहिन्या मुळातच मोठ्या असतात आणि फांदीतल्या वाहिन्या खोडातल्यापेक्षा अरुंद. किरण एकमेकांना जवळपास समांतर असतील तर तुकडा जाड खोडाच्या बाहेरच्या भागातला. झपाट्यानं पसरत असतील तर फांदीचा किंवा गाभ्याजवळचा. गाडलं जाताना चेपलेल्या भागात मोजू नका.

ताडवर्गाची खोडं दख्खनमध्ये मुबलक आहेत. त्यांत वलयं नसतात, वाहिन्यांचे गुच्छ विखुरलेले असतात. त्यांच्यावरून कडक हिमाचा अभाव एवढंच खात्रीनं म्हणा.

लाकडाखेरीजचे साक्षीदार

एका लाकडावर हवामान उभं करणं म्हणजे एका कौलावर घर शाकारणं. सोबतचं सगळं पाहा. छिंदवाड्याच्या थरांत अझोला हा तरंगता नेचा सापडतो, तो संथ गोड्या पाण्याचा. फायसा जातीच्या गोगलगायी उथळ तळ्याच्या. कॅरोफाइट शैवालाची गोल बीजं स्वच्छ, चुन्याच्या, उथळ पाण्याची. मोहगाव कलांच्या चर्टमध्ये निपा या ताडाचं फळही मिळालं आहे, आणि आजचा निपा खाडीच्या मचूळ पाण्यात वाढतो. गोडं आणि मचूळ असे दोन्ही पुरावे आले तर सरासरी काढू नका. कोणता कुठल्या सेंटिमीटरातून आला ते वहीत पाहा. तळ्याचं पाणी काळाच्या ओघात बदललेलं असू शकतं, आणि थर न पाहता गोळा केलेल्या संग्रहात तो बदल कधीच दिसत नाही.

बारीक बीजं आणि शिंपलकवचं मिळवायला एक किलो मातकट गाळ पूर्ण वाळवा, रॉकेलमध्ये रात्रभर भिजवा, रॉकेल निथळून पाणी ओता. चिकणमाती आपोआप फुटते. ५००, २५० आणि १२५ मायक्रॉनच्या चाळण्यांतून हळू धारेखाली चाळा. गाळ आधी ओलसर राहिला तर रॉकेल आत शिरत नाही आणि ढेकूळ तसंच राहतं.

द्विदल पानं पुरेशी मिळाली तर तापमान काढता येतं. अखंड कडेच्या जातींचं प्रमाण ३०.६ नं गुणून १.१४ मिळवा. २२ जातींपैकी १६ अखंड असतील तर वार्षिक सरासरी २३.४ अंश येते, आणि केवळ नमुन्याच्या आकारामुळे तीत जवळपास तीन अंशांची अनिश्चितता राहते. वीसपेक्षा कमी जातींवर हे गणित करू नका.

लाल थर

सोलापूरकडचा खरा खजिना हा. पण लाल रंग दिसला की "उष्ण, दमट हवामान" असं लिहून मोकळं होऊ नका. लाल थर जुनी माती असतो, कुजलेली राख असतो किंवा वरच्या लाव्हानं भाजलेली चिकणमाती. भाजण्यानं लोहाची खनिजं पाणी गमावून हेमॅटाइट होतात आणि वरचे काही सेंटिमीटर जास्त लाल व टणक दिसतात. रासायनिक नमुना त्या भाजलेल्या पट्टीच्या खालून घ्या.

जुनी माती ठरायला मुळांच्या खुणा, खाली हळूहळू कमी होत जाणारी झीज आणि मातीची ढेकळी रचना हवी. मुळांची खूण वेगळ्या रंगाच्या गाळानं भरलेली, कधी हिरवट कडेची असते आणि वरच्या लाव्हाच्या तळाशी कापल्यासारखी संपते. आजच्या बाभळीची मुळं वरच्या कातळाच्या भेगांतून खाली येतात आणि लाल थरात शिरतात. वरचा कातळ ओलांडणारं मूळ दिसलं, की ते आजचं. वरून ओघळलेली काळी माती आणि तिच्यातली चुनखडीही कापावर चिकटते. ती खरवडल्याशिवाय कॅल्शियमचं कोणतंही मापन खरं येणार नाही.

वय

मधल्या गाळाचं वय वरच्या आणि खालच्या प्रवाहांतून येतं. बेसाल्टमधल्या प्लॅजिओक्लेज या खनिजावर आर्गॉन पद्धत आणि लाल थरांत मिळणाऱ्या झिरकॉनच्या स्फटिकांवर युरेनियम-शिसे पद्धत वापरतात; दोन्ही किरणोत्सर्गावरून वय काढतात. शेतात आपलं काम एवढंच, की वरच्या आणि खालच्या भरीव, न कुजलेल्या भागातून प्रत्येकी दोन-तीन किलो ताजा दगड घ्यायचा. झिओलाइट भरलेला मांजऱ्या यासाठी निरुपयोगी.

भीमेच्या खोऱ्यात दुसरी, खूप तरुण राखही आहे. जुन्नरकडे कुकडीकाठी बोरी आणि बारामतीकडे कऱ्हेकाठी मोरगाव इथल्या गाळात इंडोनेशियातल्या टोबा ज्वालामुखीची राख सापडली आहे. ती टोबाच्या कोणत्या उद्रेकाची, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. सर्वांत अलीकडचा महाउद्रेक सुमारे ७४,००० वर्षांपूर्वीचा. या नद्यांचं पाणी पुढे भीमेतूनच सोलापूर जिल्ह्यात येतं, त्यामुळे नदीकाठच्या उभ्या कापांत फिकट करडा, पिठासारखा मऊ थर दिसला तर चिमूटभर सूक्ष्मदर्शकाखाली पाहा. वक्र, पारदर्शक काचेचे तुकडे दिसले तर थराला हात न लावता जागा नोंदवा आणि विद्यापीठाला कळवा. थर जाड दिसला तरी तेवढी राख आकाशातून पडली असं समजू नका. पाण्यानं ती आजूबाजूनं आणून खोलगटात साठवलेली असते.

अहवाल लिहिताना प्रत्येक विधानापुढे त्याचा थर आणि नमुना क्रमांक द्या. जागेवरच्या झाडांचं चित्र वेगळं, वाहून आलेल्यांचं वेगळं. उरलेले तुकडे, काचपट्ट्या आणि वहीची प्रत महाविद्यालयाच्या संग्रहालयात एकाच क्रमांकानं जमा करा, म्हणजे पुढच्याला तेच काप पुन्हा मोजता येतील.